आतल्या बाजूचं नाव

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात एक नियम होता, आणि तो कुठेही लिहून लावलेला नव्हता. पायाला रिव्हेट मारायचा नाही. जिथे जोड येईल तिथे स्क्रू. रिव्हेट झटपट बसतो, दिसायलाही देखणा, पण सैल झाला की फोडावाच लागतो. फोडायचा तर पाय कारखान्यात आणावा लागतो, आणि पाय दुरुस्तीला दिलेला माणूस बाकावर नुसता बसून राहतो. स्क्रू मात्र ज्याचा त्याला घरी, खाटेच्या काठावर बसून आवळता येतो. हा नियम मेस्त्रींनी घातला होता. त्यांचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली त्यांनीच घडवलेला होता, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कुणी जात नसे. “ज्याचा पाय, त्याच्या हातात किल्ली,” एवढंच ते म्हणायचे आणि पुन्हा कानस चालवायला लागायचे.

आता मेस्त्रींनी ऐंशी ओलांडली होती. काम सुटलं होतं, पण सवय सुटली नव्हती. रोज सकाळी येऊन ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसत आणि दुसऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवत.

त्यांच्या हाताखाली तयार झालेली आक्का. एकोणतीस वर्षांपूर्वी ती प्लॅस्टरची पूड चाळायला म्हणून आली. चाळता चाळता कालवायला शिकली, कालवता कालवता साचा घ्यायला, आणि पाच वर्षांत उरलेल्या पायावर नुसता तळवा फिरवून हाड कुठे बोचेल ते सांगू लागली. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरकले. आक्का त्यावरची प्लॅस्टरची धूळ पुसत होती, म्हणून तिथेच उभी राहिली. ज्याच्या हातात फडकं त्याच्या गळ्यात कॉम्प्युटर, अशी थट्टा झाली खरी. पण वर्षभरात थट्टा करणारे तिच्या पाठीशी उभे राहून पडद्याकडे बघू लागले. स्कॅनर पायाभोवती फिरवला की पायाचा आकार पडद्यावर उमटे. त्या आकारावरून, उरलेला पाय जिच्यात बसतो ती खोळ आक्का घडवी. नडगीच्या हाडापाशी केसभर जागा सोडायची, गुडघ्याखालच्या जाड शिरेवर भार घ्यायचा, मागच्या कडेला गोलाई द्यायची. हात माऊसवर असे, पण खांदा कानस धरल्यासारखा हलत असे.

तो पडदा एका सोमवारी सकाळी काळा पडला.

त्याचं कारण सांगायचं तर कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका पाटीविषयी सांगावं लागेल. ग्राफिक्स कार्ड म्हणतात ते. पडद्यावर आकार रेखणं आणि फिरवणं हे त्याचं काम. ते कार्ड आणि बाकीचा कॉम्प्युटर यांची भाषा वेगळी, म्हणून मधे एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कारखान्यातल्या जुन्या कार्डाचा दुभाष्या ते कार्ड बनवणाऱ्या कंपनीने स्वतः बनवलेला आणि मोहरबंद करून दिलेला होता. तो आत काय बोलतो हे कुणालाही वाचायची सोय नव्हती. तो बोलत होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. मग नवा स्कॅनर आला. त्याला कॉम्प्युटर चालवणारी नवी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, लागत होती, म्हणून ती घातली. नव्या प्रणालीची भाषा त्या जुन्या दुभाष्याला कळेना. आक्काने कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की हे कार्ड आता फार जुनं झालं, त्याच्यासाठी आम्ही काही करत नाही.

“म्हणजे रिव्हेट होता तो,” मेस्त्री स्टुलावरून म्हणाले.

आक्काने हातातलं फडकं टेबलावर टाकलं. इतकी वर्षं आपण रिव्हेट मारलेली वस्तू रोज पुसत होतो, हे तिला आधी का कळलं नाही, याचीच तिला चीड आली होती.

कारखाना डॉक्टरबाई चालवत. त्यांच्यापुढे पायासाठी थांबलेल्या अकरा जणांची यादी होती आणि यादीत पहिला होता टपालवाला. तो महिनाअखेर कामावर परत रुजू होणार होता. त्यातच एका दुसऱ्याच कंपनीचा प्रतिनिधी सुबक सूटकेस घेऊन येऊन गेला होता. त्याच्याकडे कपाटासारखं दिसणारं एक तयार, बंद यंत्र होतं. इथे फक्त पाय स्कॅन करायचा. आकार त्यांच्या कचेरीत बनणार, खोळ बनून परत येणार. कपाट उघडायचं नाही, उघडलं तर हमी संपली. डॉक्टरबाई काही वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्यांनी आक्काला बोलावून सांगितलं, “महिनाअखेरपर्यंत वाट बघते. एक कार्ड, तुम्ही निवडाल ते. चाललं तर तुमच्या तोंडात साखर. नाही चाललं तर मी त्या कपाटाच्या कागदावर सही करणार, आणि मग आक्का, तुम्ही माझ्यावर रुसायचं नाही.”

कपाट आलं तर आक्काची नोकरी जाणार नव्हती. ती बटण दाबायला राहिलीच असती. पण केसभर जागा कुठे सोडायची हे परक्या गावातला, त्या पायाला कधी हात न लावलेला माणूस ठरवणार होता. गेली एकोणतीस वर्षं जे तिच्या तळव्यात साठलं होतं, त्याला कारखान्यात जागा उरणार नव्हती.

तिने वही काढली. प्रत्येक रुग्णासाठी त्या वहीत एक पान असे: वय, वजन, कुठला पाय, तक्रार काय. त्याच पद्धतीने तिने कार्डासाठी पान आखलं. उंची-लांबी तिने कॉम्प्युटरचं झाकण काढून कॅलिपरने मोजली, कारण पेटी अरुंद होती आणि लांब कार्ड आत मावलं नसतं. वीज किती खाईल तेही लिहिलं. आणि ‘तक्रार’ या रकान्यात लिहिलं: दुभाष्या उघडा हवा.

उघडा म्हणजे ज्याच्या आतलं सगळं कुणालाही वाचता येतं, दुरुस्त करता येतं, असा. असे दुभाषे लिहिणारी माणसं जगभर पसरलेली आहेत, आणि त्यांच्या चर्चा इंटरनेटवर जिथे चालतात तिथे आक्का गेली काही वर्षं मुकाट्याने वाचत असे. काही कार्डांचे दुभाषे कार्ड बनवणाऱ्यांनीच उघडे ठेवले होते. काहींचे परक्यांनी अंदाजाने, चाचपडत लिहिलेले होते, ते लंगडत चालायचे. तेव्हा कार्ड नवं की जुनं, झगझगीत की साधं, हा प्रश्नच नव्हता. त्याचा दुभाष्या कुणी, कसा लिहिलाय हे बघायचं. एक गोष्ट मात्र तिला खुपत असे. उघड्या दुभाष्यांनाही कार्ड सुरू होताना त्यात एक छोटी बंद फाईल भरावी लागते. तिला तिथे तरी इलाज नव्हता. तिने वहीत तेही लिहिलं, लपवलं नाही.

शिवाय या बाबतीत ती एकदा तोंडघशी पडलेली होती. दोन वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरसाठी तिने उघड्या दुभाष्याचं कार्ड घेतलं, आणि उत्साहाच्या भरात त्या महिन्यात बाजारात आलेलं सगळ्यात नवं उचललं. दुभाष्या उघडा होता, चांगला होता, पण तो तिच्या प्रणालीपर्यंत अजून पोचायचा होता. कार्ड आठ महिने खोक्यात पडून राहिलं. तिचा नवरा शिंपी. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ते खोकं दाखवून सांगायचा, “ही आमची नवी नवरी, माहेरी बसलीय.” ते आठ महिने आक्का विसरली नव्हती. म्हणून या वेळी तिने दोन वर्षं जुनं, लोकांच्या हातून घासून-पुसून निघालेलं कार्ड शोधायचं ठरवलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती वही उघडून बसलेली पाहून नवरा म्हणाला की माझ्याशी लग्न करायला तू दोन दिवसांत होकार दिलास, आणि या पाटीला दोन आठवडे लागतायत. आक्का वहीतून मान वर न काढता म्हणाली, “तेव्हा कुठे मला काय विचारायचं ते कळत होतं.”

दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं, काचेआड खोक्यांच्या भिंती. आक्काने नाव सांगितलं तसं दुकानदाराने ते कार्ड कपाळाला आठ्या घालून खालच्या फळीवरून काढलं आणि शेजारी एक भलं मोठं, तीन पंख्यांचं कार्ड ठेवलं. मॅडम, हे घ्या, सगळे हेच नेतात, असं त्याचं म्हणणं. आक्काने त्याचा ड्रायव्हर कुठला ते विचारलं. तो म्हणाला, खोक्यातच आहे, कंपनीचा, एक नंबर. आक्काने ते तीन पंख्यांचं कार्ड दोन्ही हातांनी परत सरकवलं. मग तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला आणि लहान कार्ड इथेच, काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडून दाखवा म्हणाली.

ही तिची रीत होती. मेस्त्रींनीही कधी पट्टा वा बिजागरी खोक्यावरचं चित्र बघून घेतली नव्हती. दुकानातच बिजागरी दोनशे वेळा वाकवून बघत, दुकानदार कंटाळला तरी मोजत राहत. आक्काच्या पेनड्राइव्हमध्ये एक अख्खी प्रणाली होती, गेल्या वर्षीची, आणि टपालवाल्याचा पाय होता. म्हणजे त्याचा आकार. दुकानदार नाइलाजाने खाली वाकला, तारा जोडल्या. पडदा उजळला. आक्काने दोन ओळी टाइप केल्या, कार्डाचं आणि दुभाष्याचं नाव वाचलं, वहीतल्या नावाशी ताडून पाहिलं. मग तो पाय उघडला आणि फिरवला. वर, खाली, उलटा. पाण्यात भोपळा फिरावा तसा तो अलगद फिरला.

“लोक इथे गेम लावून बघतात,” दुकानदार म्हणाला. “पाय फिरवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“गेम हरला तर परत खेळता येतो,” आक्का म्हणाली. “बांधून द्या.”

कारखान्यात कार्ड पेटीत बरोबर बसलं, कॅलिपरच्या मापात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडला नाही. काळा पडदा उजळला तेव्हा पॉलिश करणाऱ्या दोघी हात पुसत आल्या. टपालवाला त्या दिवशी चौकशीला आला होता. कुबड्या भिंतीला टेकवून त्याने विचारलं की आक्का, माझा पाय त्या डब्यातून सुटला की अजून आतच आहे. सगळे हसले. आक्काने त्याच्या पायाचा आकार उघडून फिरवला आणि तिचं हसू ओठातच राहिलं.

खोळीच्या वरच्या कडेवर, जिथे गोलाई द्यायची नेमक्या तिथे, काळे त्रिकोण लुकलुकत होते. आकार थांबला की नाहीसे होत, हलवला की पुन्हा उमटत. जिथे केसभर जागा मोजायची तिथेच पडद्यावर काजवे चमकल्यासारखं होत होतं. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते.

इतरांना ते दिसलं नव्हतं. डॉक्टरबाई दारात येऊन चालू झालं का विचारून गेल्या असत्या, आणि आक्काने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण ती स्वतःच उठून त्यांच्या खोलीत गेली. कार्ड चालतंय, पण कडेला खोट आहे, असं तिने सांगितलं. खोट माझ्या निवडीत आहे की दुभाष्यात, ते मला अजून माहीत नाही, असंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुकानात तर नीट चाललं होतं ना, असं त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाने आक्काच्या डोक्यात दिवा लागला. दुकानात नीट चाललं होतं. कार्ड तेच, पाय तोच. दुकानात पेनड्राइव्हवरची गेल्या वर्षीची प्रणाली होती आणि इथे नवी. मधल्या वर्षात दुभाष्यात काहीतरी बदललं होतं.

जुन्यावर परत जाता येत नव्हतं, स्कॅनर नव्याशिवाय चालत नव्हता. आक्काने त्या चर्चेच्या जागी पहिल्यांदाच स्वतः लिहिलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण नेमकं: कार्ड हे, खोट ही, तेव्हा नव्हती, आता आहे, सोबत फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी दूरच्या देशातून एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याच्याकडे हे कार्ड होतं, पण त्याला ही खोट दिसत नव्हती. मधे सुमारे दोन हजार बदल झालेत, असं त्याने लिहिलं. नेमका कुठला बदल नडतोय ते तुम्ही शोधून दिलंत तर मी दुरुस्त करू शकतो.

दोन हजार हा आकडा वाचून पॉलिशवाली म्हणाली की मग झालंच, आता कपाट येऊ द्या. आक्का मात्र मेस्त्रींकडे बघत होती, आणि मेस्त्री तिच्याकडे. नवी खोळ कुठेतरी दुखतेय असं म्हणत माणूस येतो तेव्हा त्याला जागा विचारायची नाही, हे मेस्त्रींनीच तिला शिकवलं होतं. दुखणारा माणूस अख्खा पाय दाखवतो. पायाला लिपस्टिक लावायची, खोळ चढवायची, चार पावलं चालवायचं आणि आत रंग कुठे उमटला ते बघायचं. वरच्या अर्ध्यात की खालच्या? मग त्या अर्ध्याचा अर्धा. पाच-सहा फेऱ्यांत बोट नेमकं दुखऱ्या जागेवर येतं.

तिने दोन हजार बदलांचे दोन भाग केले. मधोमधचा दुभाष्या घेतला, तो त्याच्या उघड्या मजकुरातून नव्याने बांधायला लावला, आणि तो बांधून होईपर्यंत, म्हणजे चाळीसेक मिनिटं, शेजारच्या टेबलावर पट्टे शिवत बसली. बांधून झाल्यावर पाय फिरवला. काजवे होते. म्हणजे खोट पहिल्या अर्ध्यात. वहीत खूण केली. पुन्हा अर्धा, पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा पाय फिरवला. या वेळी स्वच्छ. त्या दिवशी चार फेऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी पाच. एकदा तिने घाईत जुनाच दुभाष्या तपासला आणि दोन फेऱ्या फुकट गेल्या. चूक कळल्यावर तिने वहीतली ती ओळ खोडली नाही, बाजूला ‘माझी चूक’ असं लिहिलं. टपालवाला दोनदा येऊन बसून गेला. त्याला काही कळत नव्हतं, पण पडदा काळा लुकलुकला की तो ‘आहे’ म्हणायचा आणि नाही लुकलुकला की ‘नाही’, आणि आक्का लिहून घ्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं बोट एका बदलावर येऊन थांबलं. सात ओळींचा बदल होता तो. दोन हजारांतल्या त्या सात ओळी. तिने त्याचा क्रमांक त्या माणसाला पाठवला आणि भिंतीला डोकं टेकून दोन मिनिटं डोळे मिटले.

उत्तर दुसऱ्या सकाळीच आलं. त्या माणसाने एक लहानशी दुरुस्ती पाठवली होती, लावून बघा म्हणून. आक्काने लावली, चाळीस मिनिटं थांबली, पाय उघडला. वर, खाली, उलटा. कड अंड्याच्या टरफलासारखी अखंड. तिने तो इतका वेळ फिरवला की शेवटी मेस्त्री म्हणाले, “पोरी, त्याला घेरी येईल.”

डॉक्टरबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः माऊस धरून आकार फिरवला. मग सरळ खोलीत गेल्या, आणि दार उघडंच असल्यामुळे त्या फोनवर त्या प्रतिनिधीला काय सांगत होत्या ते सगळ्यांनी ऐकलं. आमच्याकडे एक बाई आहेत, असं त्या सांगत होत्या. नाही, इंजिनियर नाहीत. आमच्याच आहेत. कपाट नको.

टपालवाल्याची खोळ महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी तयार झाली. या कारखान्यात घडवणारा आपला ठसा खोळीच्या आतल्या बाजूला मारतो, जिथे कातडी टेकते तिथे. बाहेरून तो दिसत नाही. पाय काढून, आत डोकावून बघणाऱ्यालाच दिसतो. आक्काने आपला ठसा मारला, अंगठ्याने त्याच्या कडा बोचत नाहीत ना ते पाहिलं, आणि चार स्क्रू, छोटी किल्ली टपालवाल्याच्या हातात दिली.

त्याच दुपारी त्या दूरच्या माणसाचं शेवटचं पत्र आलं. दुरुस्ती आता सगळ्यांसाठी दाखल होणार होती, आणि अशा दुरुस्तीखाली खोट कुणी शोधली, कुणी तपासली ते लिहायची त्यांच्याकडे रीत होती. तुमचं नाव कसं लिहू, असं त्याने विचारलं होतं. आक्का बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसली. गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. मग शाळेच्या दाखल्यावर होतं तसं, एकेक अक्षर बघून, तिने ते टाइप केलं.

चार दिवसांनी ते दाखल झालं. आक्काने मेस्त्रींना हात धरून पडद्यापाशी आणलं. मेस्त्रींनी खिशातलं भिंग काढलं. ती लहानशी दुरुस्ती होती, तिच्याखाली इंग्रजीत दोन ओळी, आणि दोन्ही ओळींत तिचं नाव. मेस्त्रींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून आक्काने बोट ठेवून दाखवलं.

“हे सगळ्यांच्या पडद्यावर दिसतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. चालवणाऱ्याला नाही दिसत. कुणी आतलं उघडून वाचलं तरच.”

मेस्त्रींनी भिंग बाजूला केलं आणि अंगठा पडद्यावर, त्या नावावरून, हलकेच फिरवला. खोळीच्या आत फिरवायचे तसा. कडा बोचत नाहीत याची खात्री करून घेतल्यासारखे ते थांबले.

“मग बरोबर जागी आहे,” ते म्हणाले, आणि आपल्या स्टुलाकडे परत निघाले.